माडीवरचे महाराज

४ डिसेंबर १९६१, सोमवार
बसवनगुडी, बेंगळूरु

पेन्शनीत निघाल्यापासून घरात माझं ऐकून घेणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी पेटी घेतली. आता सगळ्यांना ऐकावंच लागतं. प्रगती दिसू लागली आहे, तेव्हा तिची नोंद असावी म्हणून आजपासून ही दैनंदिनी. पद्मावती म्हणाली, "अहो, तुमच्या पेटीची प्रगती लिहायला पोस्टकार्डसुद्धा मोठं होईल." बायको विनोदी असावी, पण इतकी नसावी.

प्रगतीला साक्षीदार आहे. माडीवर आमचे भाडेकरू राहतात, उमाकांतराव. पुण्याचे. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पस्तिशीचे, आणि स्वतः सुंदर गाणारे. खाली माझं बोट चुकलं की वरून टाच आपटायचे. धप्! एका चुकीला एक धप्. कधी जिन्यात वाकून ओरडायचे, "गुंडोराव, निषाद कोमल! कोमल! काय वैर आहे तुमचं त्याच्याशी?" मीही खालून ओरडायचो, "अय्यो, घर कुणाचं?" दोन वर्षं हा छळ सोसला. पण दसऱ्यापासून एकही धप् नाही. याचा अर्थ उघड आहे. बोट चुकत नाही.

काल एकादशी झाली, आज द्वादशीचं पारणं. वरच्या नवराबायकोला जेवायला बोलावलं होतं. हिच्या हातून सारात मीठच राहिलं. मी पहिल्या भुरक्यालाच बोंब मारली. उमाकांतराव मात्र निमूट जेवून उठले. एरवी पुण्याचा माणूस, आमच्या सारावर व्याख्यान देणारा! माणूस सुधारतो आहे.

दुपारी कडलेकायी परिशे, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. बसवण्णाच्या देवळापुढचा रस्ता नुसता शेंगांनी भरलेला, पाय ठेवायला जागा नाही. ओंजळभर माझ्या खिशात, पिशवीभर हिच्या हातात. संध्याकाळी थोड्या वर नेऊन दिल्या. उमाकांतरावांनी एक शेंग घेतली आणि हातात धरून बसून राहिले. फोडायची राहूनच गेली.

११ डिसेंबर, सोमवार

शेजारचे भीमसेनराव वकील आले. कोर्टातून घरी आले तरी यांची उलटतपासणी चालूच असते. म्हणाले, "गुंडण्णा, तुमचे माडीवरचे पहाटे चारला जिन्यावर बसलेले असतात. मी रोज बघतो. काय करतात?"

"सुम्मने बसतात. गप्प," मी म्हटलं.

"जेवण?"

"चिमणीएवढं. परवा अळणी सार प्याले."

"गाणं?"

"सोडलं. दाढीही करत नाहीत. कारखान्यात वरची जागा देत होते, नको म्हणाले. आता तर रजाच काढली आहे."

भीमसेनरावांनी डोळे मिटले. मग उघडून म्हणाले, "अण्णा, देव तुमच्या माडीवर भाडं देऊन राहतोय आणि तुम्ही पेटी बडवताय! अहो, हे वैराग्य! अन्नावरची वासना गेली, मानावरची गेली, झोप जिंकली. आणखी काय हवं?"

माझ्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. पुण्याच्या माणसाला वैराग्य येईल अशी कल्पनाच नव्हती, त्यामुळे असेल. हिला सांगितलं तर हिने अवरेकायीच्या शेंगा सोलता सोलता माझ्याकडे नुसतं बघितलं. बायकांना परमार्थातलं कमी कळतं.

१७ डिसेंबर, रविवार

हिने आज सुतार बोलावून परसातल्या विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या, वर कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हटलं, हे काय?

"मांजर पडेल."

"कुणाचं मांजर?"

"पडल्यावर विचारणार का कुणाचं ते?"

नळ आहे, म्हणून पाण्याचं अडत नाही. पण आमच्याकडे मांजर नाही. पूर्वीही एकदा हिने असंच केलं होतं, माझ्या पित्ताच्या वर्षी. तेव्हाही मांजरच.

ते पित्त मात्र जबर होतं. झाली त्याला सतरा वर्षं. सरकारच्या अठारा कचेरीत मला शिरस्तेदार केलं, घरी पेढे वाटले, आणि महिन्याभरात हे सुरू झालं. अन्नाची चव गेली. पहाटे डोळा उघडला की छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटे. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचं. वैद्यांनी आवळा दिला, लिंबू दिलं, काढे दिले. शेवटी ही रोज सकाळी मला हाताला धरून लालबागेत फिरवायला लागली. मी शिव्या देत जायचो. कधीतरी मग उतरलं आपोआप. पित्त वाईटच.

२ जानेवारी १९६२, मंगळवार

गावात दुसरा विषय नाही. फेब्रुवारीच्या तीन तारखेपासून आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार. अष्टग्रही! कुणी म्हणतं भूकंप, कुणी म्हणतं प्रलय. आमच्या गल्लीतल्या दोघांनी मुलींची लग्नं लवकर उरकली, एकाने घर रंगवायचं थांबवलं. भीमसेनरावांनी शांतिहोम काढला आहे.

ते आणि मी होमाचं आमंत्रण घेऊन माडीवर गेलो. उमाकांतराव खाटेच्या कडेला बसले होते. भीमसेनरावांनी हात जोडून विचारलं, "आपल्याला काय वाटतं? जग बुडेल?"

ते अगदी शांतपणे म्हणाले, "बुडालं तर बरंच होईल. सगळ्यांचं एकदम. मागे कुणाला रडायला नको."

माझ्या अंगावर काटा आला. आम्ही सगळे प्रलयाच्या नावाने थरथर कापतोय, आणि हा माणूस म्हणतो बरंच होईल! भीमसेनरावांनी तिथल्या तिथे साष्टांग घातला. पोट मोठं असल्याने उठायला मला हात द्यावा लागला.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

एळ्ळु-बेल्लाचा तिळगूळ घेऊन आज गल्लीतली सगळी पोरंटोरं आली, आणि त्यांच्यामागून त्यांचे आईबाप माडी चढायला लागले. भीमसेनरावांनी सगळीकडे सांगून ठेवलं आहे. चामराजपेठेतूनही लोक आले. एका बाईने विचारलं, महाराज, मुलाची परीक्षा जवळ आली, काय होईल? उमाकांतराव म्हणाले, "काय फरक पडतो?" बाई डोळे पुसत उतरली. म्हणाली, दहा वर्षं देवळात बसून कळलं नव्हतं ते आज कळलं.

मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून चपला नीट लावून घेत होतो. खोटं कशाला लिहू, मान ताठ झाली होती.

संध्याकाळी प्रमोदिनी खाली आली. उमाकांतरावांची बायको, गुणी, हसरी पोर, पण हल्ली वाळली आहे. म्हणाली, "अण्णा, पाया पडते, ही माणसं बंद करा. हे रात्रभर टक्क जागे असतात. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणतात, मला काही झालेलं नाही. काल मला म्हणाले, तू माहेरी जाऊन राहा, तुझ्या जन्माचं सोनं होईल." आणि रडायला लागली.

मी तिची समजूत घातली. म्हटलं, बाळ, थोरांच्या बायकांना हे सोसावंच लागतं, पुण्य आहे तुझं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही पळीसकट बाहेर आली.

"साकु! पुरे झालं तुमचं! आणखी एक शब्द बोललात तर उद्यापासून चूल बंद. मग तुम्हीही व्हा महाराज!"

मग तिला जवळ घेऊन म्हणाली, "माहेरी जायचं नाही. त्याला एकटं ठेवायचं नाही. न्हाणीघरात गेला तरी दाराशी उभी राहून बडबड करत राहायचं. तो चिडला तर चिडू दे, समजलं?"

मला काही समजलं नाही. पण चुलीचा प्रश्न असल्याने गप्प बसलो.

४ फेब्रुवारी, रविवार

होमाचा धूर एवढा की प्रलय झालाच तर आम्हाला दिसणार नाही. रस्ते ओस. दूधवालाही आला नाही. ही म्हणते, प्रलयापेक्षा हे वाईट. हिने चहा काळाच केला.

जग बुडायचंच तर सुरात बुडावं म्हणून तासभर पेटी वाजवली. वरून धप् नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

वाचलो! काल ग्रह पांगायला लागले, आणि आज सकाळी सूर्य नेहमीच्या जागी, नारळाच्या झाडामागून, वर आला. काय सांगू गल्लीची मजा! ज्यांनी निरवानिरव केली होती ते एकमेकांना मिठ्या मारत होते. भीमसेनराव म्हणाले, होमानेच टळलं. परीट म्हणाला, मग कपडे द्या धुवायला. हिने पुरण भरून होळिगे केल्या, वर तुपाची धार. मी सहा खाल्ल्या आणि सातवी हातात घेऊन, दोन पानात गुंडाळून माडीवर निघालो.

उमाकांतराव जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. म्हटलं, "महाराज, वाचलो की हो!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हो ना," म्हणाले, "वाचलो." आणि तोंड दोन्ही हातांत घालून रडायला लागले.

मला वाटलं आनंदाचं असेल. शेजारी बसलो. तेव्हा हातांमागून म्हणाले, "मला वाटलं होतं, संपेल, गुंडोराव. मी काही न करता आपोआप संपेल. तारीख ठरलेली होती. तेवढ्या तारखेपर्यंत कसंबसं ओढलं. आता पुन्हा पुढे किती?"

हातातली होळिगे गार झाली. वैरागी माणसाला जग राहिलं काय, गेलं काय, सारखंच. हा तर जग राहिलं म्हणून रडत होता. आणि ते रडणं माझ्या ओळखीचं होतं. कुठे ऐकलंय, कुठे ऐकलंय, करता करता ध्यानात आलं. भिंतीकडे तोंड करून, उशीत तोंड खुपसून, सतरा वर्षांपूर्वी. असंच मीही रडलो होतो. पगार वाढला होता, घर होतं, बायको होती, आणि रोज पहाटे वाटे की आज उजाडलं नसतं तर बरं झालं असतं. ते कुणाला सांगायची सोय नव्हती. शिरस्तेदाराला रडू येतं असं कोण सांगणार? पोट दुखतं म्हणून सांगितलं, आणि वैद्य पित्त म्हणाले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सल्ला द्यायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. म्हटलं, "मलाही झालं होतं हो हे." तर त्यांनी हात खाली घेतले आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू परमुलखात कुणी मराठी बोललं.

प्रमोदिनीला त्यांच्याजवळ बसवून खाली आलो. ही तवा घासत होती. विचारलं, "विहिरीवर फळ्या. मांजरासाठी?"

"हो."

"आणि त्या वर्षीच्या?"

हिने हात थांबवला नाही. म्हणाली, "त्या वर्षी मांजर फार मोठं होतं. भारी मिशीचं. त्याला पोहता येत नव्हतं." आणि हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मीही तिथेच जमिनीवर बसलो, माखलेल्या तव्याशेजारी. सतरा वर्षं झाली, या बाईने अवाक्षर काढलं नाही. मी तिला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सांगायचं काय? त्याचं नाव मला कुठे ठाऊक होतं? तुम्ही म्हणाला असतात, पित्त."

९ फेब्रुवारी, शुक्रवार

होसूर रस्त्यावर मनाच्या आजारांचं मोठं इस्पितळ आहे. त्याचं नाव घेतलं तरी आमच्या गल्लीत लोक कानावर हात ठेवतात. उमाकांतराव तयार होईनात. म्हणाले, कारखान्यात कळलं तर संपलं. मग मला सुचलं. म्हटलं, "तुम्हाला कोण नेतंय? मला जायचंय. माझं जुनं दुखणं आहे, दाखवायचं राहून गेलं. एकट्याला लाज वाटते, सोबत चला." एवढ्याला मात्र ते नाही म्हणू शकले नाहीत. आजारी असले तरी माणूस भिडस्त आहे.

डॉक्टर शेषगिरी म्हणून तरुण मुलगा निघाला. आपल्याच लोकांपैकी, घरी मराठी बोलणारा. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय त्रास होतो?"

म्हटलं, "अन्नाला चव लागत नव्हती."

"कधीपासून?"

"चव्वेचाळीस सालापासून."

त्याने माझ्या पोटाकडे बघितलं. पण हसला नाही, गुणी मुलगा. एकेक विचारत गेला. झोप? पहाटेची जाग? आवडीच्या गोष्टीत मन लागतं? आपण इतरांना ओझं आहोत असं वाटतं? मी आठवून आठवून सांगत होतो. मध्येच अडखळलो तर शेजारून उमाकांतराव म्हणाले, "तसं नाही, गुंडोराव. ओझं नाही. आपण गेलो तर त्यांचं सोपं होईल, असं वाटतं." पुढच्या प्रश्नाला पुन्हा उमाकांतरावच बोलले. त्याच्या पुढच्यालाही. गाणं ऐकलं तर नुसता आवाज येतो, गाणं येत नाही, म्हणाले. मी हळूच खुर्ची मागे सरकवली. डॉक्टरने त्यांना सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? ते म्हणाले, हो. केवढा मोठा श्वास सोडला त्यांनी तेव्हा!

शेवटी डॉक्टर म्हणाला, "पेशंट कोण, ते मला अर्ध्या वाटेत कळलं. तुमच्यासारखे पुरुष इथे येत नाहीत. पोटाच्या डॉक्टरकडे जातात, देवळात जातात, नाहीतर नुसते चिडचिडे होतात. हा आजार आहे, आणि बरा होतो." नव्या निघालेल्या गोळ्या दिल्या. त्या प्रमोदिनीच्या हाती ठेवायच्या. गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर धीर धरायचा, रोज चालायचं आणि आठवड्याला येऊन दाखवायचं.

मी विचारलं, "आणि मला?"

"तुम्ही स्वल्प कमी जेवा."

२५ फेब्रुवारी, रविवार

रोज सकाळी लालबाग. पुढे पद्मावती आणि प्रमोदिनी, मागे आम्ही दोघे. उमाकांतराव पाय ओढत चालतात, बोलत नाहीत. तोंडाला कोरड पडते म्हणतात, गोळ्यांनी. गुण? शून्य. मी डॉक्टरवर चिडलो तर ही म्हणाली, "तुमच्या वेळी सात महिने गेले. गोळ्याही नव्हत्या, नुसती मीच होते."

भीमसेनरावांशी वाजलं. "आमच्या महाराजांना वेड्यांच्या इस्पितळात नेलंत?" म्हणाले. म्हटलं, "वकीलसाहेब, मीही तिथलाच. आता माझ्याही पाया पडा." तोंड उघडंच राहिलं त्यांचं. माडीचा जिना मी लोकांना बंद केला आहे. जिन्याशी खुर्ची टाकून पेटी वाजवतो. एकही भक्त थांबत नाही.

१८ मार्च, रविवार

झोप लागू लागली आहे, पाच-सहा तास. आज लालबागेत एका झाडाशी थांबले, वर बघून म्हणाले, "हे काय फुललंय?" मला नाव ठाऊक नव्हतं. तरी ठोकून दिलं एक. हिने मागे वळून मी सांगितलेलं नाव चूक म्हणून सांगितलं, आणि उमाकांतरावांच्या ओठाची एक बाजू वर गेली. हसले असं मी म्हणणार नाही. पण गेली.

तासाभरात पुन्हा अंधारलं तोंड. डॉक्टर म्हणतो, असंच वर-खाली होतं. भीमसेनराव परवा गुपचूप आले, दार लावून घेतलं, आणि विचारलं, "अण्णा, त्या डॉक्टरकडे किती वाजता जायचं असतं? माझ्या एका अशिलासाठी हवं आहे." अशिलाला झोप येत नाही म्हणे, वर्षभर. मी म्हटलं, अशिलाला सोमवारी घेऊन या, मी सोबत येतो. सरी, बरं, म्हणाले.

५ एप्रिल, गुरुवार. उगादी

पहाटे तेल लावून न्हालो, नवं धोतर नेसलो. हिने कडुनिंब आणि गूळ हातावर ठेवला. वर्षाची सुरुवात पेटीने करावी म्हणून देवघरासमोर बसलो आणि मोठ्या भक्तीने सुरुवात केली. छान रंगत होतं. दुसऱ्या ओळीला वर चढलो आणि

धप्!

बोटं जागच्या जागी राहिली. वाटलं, वरून काही पडलं असेल. तीच ओळ पुन्हा घेतली. तीच जागा.

धप्! धप्! आणि मग जिन्यातून तो आवाज, सहा महिन्यांनी, जरा बसलेला, पण भरपूर चिडलेला: "गुंडोराव! सणासुदीला तरी! निषाद कोमल! कोमल हो! अजून काय वैर आहे तुमचं त्याच्याशी?"

ही स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला पुरण. वरून प्रमोदिनी अनवाणी धडधडत उतरली आणि हिच्या गळ्यात पडली, दोघी रडतायत काय, हसतायत काय. मला ओरडून उत्तर द्यायचं होतं, घर कुणाचं म्हणून, पण ते काम पेटीवर सोपवलं. मग तोच निषाद, चुकीचा, शुद्ध, भाता दाबून जोरात वाजवला. वरून धप्. पुन्हा वाजवला. पुन्हा धप्.

उमाकांतराव शेवटी स्वतः खाली आले. दाढी केलेली. हिने त्यांच्या हातावर कडुनिंब ठेवला, त्यांनी तोंडात टाकला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अक्का, गूळ फार कमी घातलाय तुम्ही," म्हणाले. हिने खुशाल ऐकून घेतलं. मग ते माझ्या शेजारी बसले, माझं बोट धरून योग्य पट्टीवर ठेवलं, आणि ती ओळ म्हणून दाखवली. गळा अजून तयार नाही, मध्येच दमले. डॉक्टरने आधीच बजावलंय, गोळ्या इतक्यात थांबवायच्या नाहीत, फिरणंही. विहिरीची किल्ली हिच्या कमरेलाच आहे, आणि मी तिला काही विचारलं नाही.

पेटीच्या प्रगतीची नोंद करायची राहिली. दसऱ्यापासून बोट चुकत नव्हतं, हे खोटं ठरलं. अडीच वर्षांत माझी प्रगती काहीही नाही. शिरस्तेदार झालो त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.